‘मार्टी’ : बोलण्याच्या गर्दीतला एकटा माणूस

लग्न न झालेल्या पुरुषासाठी मराठी भाषेत जे शब्द आहेत ते बहुतेक हसरे आहेत. ‘सडाफटिंग’ म्हटले की कसलाही पाश नसलेला, शीळ वाजवीत हिंडणारा गडी डोळ्यांपुढे येतो. ‘एकटा जीव सदाशिव’ या म्हणीने तर त्याला थेट देवपणच बहाल केले आहे. पण हाच माणूस पस्तिशीच्या उंबरठ्यावर आला की भाषा एकाएकी सूर बदलते आणि त्याचा ‘घोडनवरा’ करून टाकते. स्त्रीच्या वाट्याला ‘घोडनवरी’ हा शब्द त्याच्याही पुष्कळ आधी येतो. या दोन टोकांच्या मध्ये जो असतो, जो मजेतही नाही आणि हास्यास्पदही नाही, शनिवारची संध्याकाळ कशी घालवावी हा ज्याच्यापुढचा खराखुरा प्रश्न आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही तो येतो तो बहुधा कुणाचा तरी काका म्हणून, लग्नघरात पाने वाढण्यापुरता.

या माणसाला मध्यभागी बसवून त्याच्याकडे दीड तास सरळ पाहण्याचे धाडस ‘मार्टी’ या अमेरिकन चित्रपटाने १९५५ साली केले. चित्रपट जुना आहे, कृष्णधवल आहे आणि त्यात घटना म्हणावी असे फारसे काही घडत नाही. तरी त्याविषयी आज येथे लिहावेसे वाटते याचे कारण असे, की त्यातील कुटुंब आपल्या ओळखीचे आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात राहणारे हे इटालियन कॅथलिक घर. रविवार उजाडला की मिस्सा, मिस्सा आटोपली की जेवायला पाहुणे, आणि जेवता जेवता घरातल्या अविवाहित मुलाच्या भवितव्याची सर्वांदेखत चर्चा. भाषा आणि पदार्थ बदलले तर हे दृश्य आपल्या कुठल्याही धर्मग्रामात खपून जाईल.

कथा लिहिली पॅडी चायेफ्स्की याने. तो स्वतः ब्रॉंक्सचाच, पण ज्यू. परक्या धर्माचा माणूस आपल्या घरातले इतके बारकाईने ऐकतो तेव्हा आपणही कान टवकारावेत हे बरे. मुळात ही दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली नाटिका. २४ मे १९५३ रोजी ती थेट प्रक्षेपित झाली आणि रॉड स्टायगर याने त्यात मार्टीचे काम केले होते. दिग्दर्शक डेल्बर्ट मान होता आणि दोन वर्षांनी चित्रपटही त्यानेच केला. या नाटिकेच्या जन्माची एक हकीकत प्रसिद्ध आहे. दुसऱ्याच एका नाटिकेची तालीम एका हॉटेलच्या नृत्यगृहात चालली होती. एकट्या स्त्री-पुरुषांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून तेथे संध्याकाळी मेळावे भरत. त्या मेळाव्यांसाठी भिंतीवर एक सूचना लावलेली चायेफ्स्कीला दिसली. जो पुरुष विचारील त्याच्याबरोबर मुलींनी नाचावे, पुरुषांनाही मन असते, अशा आशयाची ती सूचना होती. या दोन वाक्यांत किती अपमान साठलेले असतील याचा हिशेब लेखकाने मांडला, आणि त्यातून मार्टी उभा राहिला.

मार्टी पिलेटी चौतीस वर्षांचा आहे. व्यवसायाने खाटीक. अंगाने जाड, चेहऱ्याने ओबडधोबड, स्वभावाने गोड. धाकट्या भावाचे लग्न नुकतेच झालेले आहे आणि त्यामुळे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईक बाईला एकच विषय मिळाला आहे. मांस तोलून घेताना त्या त्याला विचारतात, तुझे केव्हा? धाकट्याचे झाले, तुला लाज वाटत नाही का? तो हसून वेळ मारून नेतो. हे हसणे अर्नेस्ट बोर्गनाइन याने फार सूक्ष्मतेने केले आहे. त्यापूर्वी १९५३ च्या एका गाजलेल्या चित्रपटात दुबळ्यांना छळणाऱ्या क्रूर सार्जंटच्या भूमिकेत प्रेक्षकांनी त्याला पाहिले होते. तोच जाडजूड देह येथे गल्ल्यामागे उभा राहून मार खाणाऱ्याचे हसू हसतो. त्या बायका दुष्ट नाहीत. त्यांना त्याचे बरेच वाटते आहे. परंतु प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर ऐकण्यासाठी त्यांतली एकही थांबत नाही, पुडके घेऊन चालू लागते. चित्रपटाची पहिली काही मिनिटे अशी जातात आणि त्यातच पुढच्या सर्व गोष्टींची किल्ली आहे. या माणसाभोवती बोलणे भरपूर आहे, त्याच्याशी बोलणारे कुणी नाही.

मित्रांचीही तीच कथा. अँजी हा त्याचा जिवलग मित्र, तोही तिशी ओलांडलेला आणि अविवाहित. संध्याकाळी काय करायचे, असे एकाने विचारायचे, मला काय ठाऊक, तुला काय करावेसे वाटते, असे दुसऱ्याने म्हणायचे, आणि हा चेंडू दोघांत नुसता फिरत राहायचा. हे संभाषण चित्रपटात पुन:पुन्हा येते आणि अमेरिकेत ते म्हणीसारखे रूढ झाले. आपल्याकडे चौकातल्या कट्ट्यावर बसणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींचे बोलणे याहून फारसे वेगळे नसते. वरवर पाहता हा विनोद आहे. पण दोघांपैकी एकानेही ‘मला घरी एकटे बसवत नाही’ हे वाक्य उच्चारायचे नाही, असा जणू अलिखित करार त्यामागे आहे.

त्याच शनिवारी मार्टी एका मुलीला दूरध्वनी करतो. महिन्यापूर्वी चित्रपटगृहात ओळख झालेली, बहुधा त्याला विसरूनही गेलेली मुलगी. दिग्दर्शकाने आपल्याला तिचा आवाज ऐकू दिलेला नाही. आपण फक्त मार्टीचे बोलणे ऐकतो आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकत जातो. आज नाही? बरे, पुढच्या शनिवारी? त्याच्या पुढच्या? प्रत्येक प्रश्नाबरोबर आवाजातली उमेद एकेक पायरी उतरते आणि शेवटी तो डोळे मिटून घेतो. नकाराचे इतके अचूक चित्रण मी क्वचितच पाहिले आहे. येथे कुणी कुणाचा अपमान करीत नाही. ती मुलगी सभ्यपणेच बोलत असावी, काहीतरी कामे सांगत असावी. नेमका हा सभ्यपणाच त्याला सोलून काढतो, कारण त्यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही आणि म्हणून त्याला स्वतःच, एकामागून एक शनिवार पुढे करीत, तो शोधून काढावा लागतो. लग्नाच्या बोलण्यांत आपल्याकडेही हा अनुभव घराघरांत आहे. ‘कळवतो’ असे सांगून जाणारी मंडळी कधी कळवीत नाहीत, आणि घरातली मुलगी किंवा मुलगा आठवडेच्या आठवडे दाराकडे कान लावून बसतो. संकोचापोटी न बोलणाऱ्याला आपण भिडस्त म्हणतो. त्या भिडेची किंमत मात्र समोरचा भरीत असतो.

मार्टी घरी येतो तेव्हा आई त्याला नृत्यगृहात जाण्याचा आग्रह करते. यावर तो आईला जे सांगतो तो चित्रपटातला पहिला खरा उद्गार होय. स्त्रियांना जे काही आवडते ते माझ्याजवळ नाही, हे मी आता मान्य केले आहे आणि पुन्हा दुखावून घ्यायची माझी तयारी नाही, असे तो सांगतो. आई हादरते, आणि तरीही जा म्हणते. तोही जातो. आईचे ऐकणारी मुले ब्रॉंक्समध्येही असतात.

नृत्यगृहात जो प्रसंग घडतो त्यावर सारी कथा तोललेली आहे. एका तरुणाला कुणीतरी ठरवून दिलेली जोडीदारीण पसंत पडत नाही. ती दिसायला साधारण आहे. तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळे व्हावे म्हणून तो मार्टीला पाच डॉलर देऊ करतो. मार्टी चमकतो आणि नकार देतो. माणसाशी असे वागतात का, हा त्याचा साधा सवाल आहे. दुसरा एक जण पैसे घेतो, परंतु ती मुलगी तो सौदा ओळखते, नाकारते आणि एकटीच बाहेर सज्जात जाऊन रडू लागते. मार्टी तिच्यामागे जातो. या मुलीचे नाव क्लारा. वय एकोणतीस, शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

अशा मुलीसाठी, आणि मार्टीसारख्या पुरुषासाठीही, त्या मंडळींच्या बोलीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘कुत्रा’. आपल्या भाषेने घोडा घेतला, त्यांच्या भाषेने कुत्रा. माणसाला जनावराच्या नावाने हाक मारण्याची सोय दोन्हींकडे आहे. हा शब्द चित्रपटात कितीदा येतो आणि कुणाच्या तोंडी येतो, याकडे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. मित्र तो इतरांविषयी वापरतात. मार्टी एकदाच तो स्वतःला आणि क्लाराला मिळून लावतो आणि म्हणतो, की आपण स्वतःला समजतो तितके काही आपण टाकाऊ नाही. शब्द तोच, पण ‘ती’च्या जागी ‘आपण’ आल्याबरोबर त्यातले विष उतरते.

त्यानंतर ती दोघे रात्रभर चालतात, कॉफी घेतात आणि बोलतात. खरे म्हणजे मार्टी बोलतो. इतका बोलतो की क्लाराला वाक्य पुरे करता येत नाही, आणि मग त्यालाच ते जाणवते व तो ओशाळतो. जुन्या प्रेमकथांचे संवाद गुळगुळीत असतात. येथे अडखळणे आहे, विषय सोडून भरकटणे आहे, एकाच गोष्टीवर पुन्हा परत येणे आहे. सैन्यातून परतल्यावर आयुष्य नकोसे झाले होते आणि भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभे असताना रूळ आपल्याला ओढून घेत आहेत असे वाटे, हेही तो तिला सांगून टाकतो. एका भेटीत, अनोळखी स्त्रीला! व्यवहारी माणूस म्हणेल, हे काय पहिल्या भेटीत सांगायचे असते? पहिल्या भेटीत आपण पगार सांगतो, घर किती खोल्यांचे ते सांगतो, मामा कुठे असतात ते सांगतो. मार्टीजवळ सांगण्यासारखे असे काही नाही म्हणून तो लाज सांगतो. आणि क्लाराही तिचे सांगते. तिला शहराबाहेरच्या एका शाळेत विभागप्रमुखाची जागा मिळते आहे, परंतु आईवडिलांना सोडून एकटीने राहण्याचे भय तिला वाटते. एका शिकलेल्या, कमावत्या स्त्रीने आपण एकटेपणाला भितो असे म्हणणे सोपे नाही, आणि १९५५ सालच्या पडद्यावर तर ते आणखीच दुर्मीळ होते.

परंतु चित्रपटातील सर्वांत मोलाचा क्षण याच्याही नंतरचा आहे. मार्टी तिला आपल्या घरी नेतो. आई बाहेर गेलेली आहे. तो तिचे चुंबन घेऊ पाहतो, ती अंग चोरून दूर होते. मार्टी खचतो आणि चिडतोही. झाले, पुन्हा तेच, या विचाराने तो खुर्चीत कोसळतो आणि चल तुला घरी सोडतो म्हणतो. येथे दोनच वाटा दिसतात. ती गप्प राहील, तो तिला सोडून येईल आणि ती भेट शेवटची ठरेल, ही एक. किंवा ती दयेपोटी मान तुकवील, ही दुसरी. क्लारा तिसरेच काही करते. ती त्याला सांगते, की त्या घडीला काय करावे ते मला कळले नाही म्हणून मी मागे झाले, परंतु मला तुम्हाला पुन्हा भेटायचे आहे, खरोखरच भेटायचे आहे, आणि हे मी मुद्दाम बोलून दाखविते आहे. साधी सरळ वाक्ये. त्यांत अलंकार नाही, लाडिकपणा नाही. पण दूरध्वनीवरच्या त्या पहिल्या मुलीने जे केले नाही ते क्लारा करते. ती आपल्या वागण्याचा अर्थ त्याच्या अंदाजावर सोडत नाही. माणसाला आयुष्यभर नकार मिळत आला की प्रत्येक संकोचात त्याला नकारच दिसू लागतो, हे तिने ओळखले आहे, कारण तिचेही आयुष्य तसेच गेले आहे. ‘मार्टी’ची थोरवी कशात आहे असे कुणी विचारले तर मी या एका मिनिटाकडे बोट दाखवीन.

दुसऱ्या दिवशी रविवार आहे, आणि रात्री जे जुळले ते दिवसा विस्कटू लागते. हा भाग चायेफ्स्कीने फार कठोरपणे लिहिला आहे. मार्टीची मावशी कॅथरीन छप्पन्न वर्षांची विधवा आहे. मुलाच्या संसारात सुनेशी पटत नाही म्हणून तिला बहिणीकडे, म्हणजे मार्टीच्या घरी, राहायला यावे लागत आहे. ज्या हातांनी आयुष्यभर स्वयंपाक केला, घर झाडले, त्या हातांना आता काम नाही. एका चुलीशी दोन बायका नांदू शकत नाहीत हा तिचा अनुभव. ती आपल्या बहिणीला बजावते, की आज तुझ्या मुलाने मुलगी घरी आणली, उद्या तो लग्न करील, परवा हे घर विकायला काढील. या एका संभाषणाने आई बदलते. काल जिने त्याला ढकलून नाचायला पाठविले तीच आज क्लारात खोड काढू लागते. ती इटालियन नाही. वयाने मोठी वाटते. शिकलेल्या मुलींचा काही नेम नसतो.

या आक्षेपांत एकही खोटा म्हणता येणार नाही, आणि एकही खरा नाही. आईला म्हणायचे आहे, ‘मला एकटे टाकू नकोस.’ ते तिला म्हणता येत नाही म्हणून ती मुलीचे वय काढते. अँजीलाही तेच म्हणायचे आहे, तो मुलीचा चेहरा काढतो. मावशी तर आपले दुःखच सल्ला म्हणून वाटीत सुटली आहे. मित्रमंडळीचे मत ठरते ते मिकी स्पिलेनच्या कादंबऱ्या वाचून. त्या रहस्यकथांतल्या कागदी सुंदऱ्यांशी क्लाराची तुलना होते आणि अर्थातच ती हरते. असे सारे मिळून एका माणसाचे मन वळवितात, आणि त्यांतल्या एकालाही आपण त्याचे वाईट करतो आहोत याची जाणीव नाही. मिस्सा झाल्यावर दुपारी अडीच वाजता क्लाराला दूरध्वनी करीन, असे मार्टीने वचन दिलेले असते. अडीच वाजून जातात. तो दूरध्वनी करीत नाही. काल ज्याच्या आवाजातली उमेद पायरीपायरीने उतरताना आपण पाहिली, तोच माणूस आज दुसऱ्याला तसेच वाट पाहत ठेवतो. रात्री क्लारा आईवडिलांशेजारी दूरचित्रवाणीपुढे बसलेली दिसते, डोळे भरलेले. नकार सोसलेला माणूस आपोआप दयाळू होतो या भाबड्या समजुतीला चित्रपट येथे सुरुंग लावतो.

आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा तो या भागासाठी. मुलामुलींच्या पसंतीत आपण जेव्हा ‘जमणार नाही’ म्हणतो, तेव्हा त्यातला किती भाग स्थळाविषयी असतो आणि किती आपल्या म्हातारपणाविषयी, हा हिशेब एरवी कुणी मांडत नाही. चायेफ्स्की आईला खलनायिका करीत नाही हे विशेष. एस्थर मिंचोत्ती या अभिनेत्रीने ती अशी काही उभी केली आहे की तिचा राग येत असतानाच तिच्या पोटातले भय आपल्याला दिसत राहते.

याच वस्तूशी नाते सांगणारा एक चित्रपट आपल्या अगदी शेजारी, वांद्र्यात घडतो. बासू चॅटर्जी यांचा ‘बातों बातों में’ १९७९ साली आला आणि मुंबईच्या कॅथलिक मध्यमवर्गाला विनोदी नोकराच्या किंवा दारुड्याच्या भूमिकेतून बाहेर काढणाऱ्या मोजक्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना करावी लागते. अमोल पालेकरांचा टोनी ब्रगांझा आणि टीना मुनीमची नॅन्सी परेरा यांची ओळख वांद्रे ते चर्चगेट या सकाळच्या लोकलमध्ये होते. मध्यस्थ आहेत अंकल टॉम. ते काम डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनी केले. बेने इस्रायली समाजातला हा मराठी नट कॅथलिक काका म्हणून इतका शोभतो की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. नॅन्सीची आई रोझी (पर्ल पदमसी) मार्टीच्या आईच्या नेमकी उलट आहे. तिला मुलीचे लग्न आज हवे, जमल्यास कालच. टोनीला मात्र निर्णय घेता येत नाही. तो नॅन्सीला नाही म्हणत नाही आणि हो देखील म्हणत नाही, आणि या दोन नकारांत नॅन्सीचे मन चिरडते.

हा चित्रपट मला प्रिय आहे. त्यातील प्रसन्नता, गाडीचा डबा, गच्च भरलेले दिवाणखाने हे सारे अस्सल आहे. तथापि ‘मार्टी’शेजारी ठेवून पाहिले की त्यातली एक उणीव जाणवते. नावात बोलणे असूनही टोनीला आपले भय कधी धड बोलावे लागत नाही. लग्न म्हटले की त्याचा पाय का अडखळतो, हे तो नॅन्सीला तोंडावर सांगत नाही. रुसवे, गैरसमज आणि अंकल टॉमची धावपळ यांतून गाडी रुळावर येते. जुळते ते परिस्थितीने, संवादाने नव्हे. विनोदी चित्रपटाला एवढे माफ असते हे मान्य. पण क्लाराने घरातल्या त्या खोलीत उभे राहून जे काम एका मिनिटात केले त्यासाठी टोनीला सारा चित्रपट पुरत नाही, हेही नोंदवावेच लागते.

‘मार्टी’ निर्दोष आहे असे मात्र नव्हे. सर्वांत मोठा दोष क्लाराच्या बाबतीतलाच आहे. जिच्या स्पष्ट बोलण्याने कथेला वळण मिळाले, तिला उत्तरार्धात लेखकाने दूरध्वनीशेजारी बसवून ठेवले आहे. तिच्या नोकरीचे काय झाले? ती शहराबाहेर जाणार की नाही? विभागप्रमुखाची जागा ही तिच्या आयुष्यातली मार्टीइतकीच मोठी गोष्ट आहे, परंतु मार्टी आला आणि तो धागा विरून गेला. बेट्सी ब्लेअर हिने जे मौन दाखविले आहे ते उत्तम आहे, म्हणूनच तिला आणखी बोलू द्यायला हवे होते असे वाटते. शिवाय ती दिसायला कुरूप मुळीच नाही. केस साधे बांधले, कपडे फिके दिले, की ‘साधारण’ स्त्री तयार झाली, हा पडद्याचा जुना उद्योग येथेही चालू आहे. (ही भूमिका तिला मिळण्याआधी डाव्या विचारांच्या संशयामुळे तिचे नाव चित्रपटसृष्टीत नकोसे झाले होते. पती जीन केली याने आपले वजन खर्च केले तेव्हा काम मिळाले. नाकारले जाणे म्हणजे काय हे तिला अभिनयाबाहेरही ठाऊक होते.)

दुसरा आक्षेप शेवटाविषयीचा आहे, आणि त्यावर रसिकांत दुमत होईल. रविवारी रात्री कट्ट्यावर पुन्हा तेच सुरू होते, काय करायचे, तुला काय वाटते, मला काय ठाऊक. आणि मार्टीचा बांध फुटतो. तुम्हाला ती आवडत नाही, आईला ती आवडत नाही, पण काल रात्री मला तिच्याबरोबर बरे वाटले, एवढेच मला कळते, असे सर्वांना सुनावून तो दूरध्वनीकडे धावतो. येथपर्यंत हे मन भरून टाकणारे आहे. अँजी मागोमाग येतो. आणि मार्टी त्याच्याकडे वळून म्हणतो, की तेहेतीस वर्षांचा झालास, तुझी भावंडे लग्न करून मोकळी झाली, तुला लाज कशी वाटत नाही? दुकानातल्या बायकांचे तेच शब्द! मग तो दार लावून घेतो, क्लाराचे नाव घेतो आणि चित्रपट संपतो.

प्रेक्षागृह येथे हसते. १९५५ सालच्या कानच्या महोत्सवात सर्वोच्च बहुमान आणि पुढच्या वर्षी उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनय व पटकथा अशी चार ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या परीक्षकांनाही हा शेवट चुरचुरीत वाटला असणार. मला त्यात लेखकाची एक कळत-नकळत झालेली कबुली दिसते. या समाजात सुटका झालेल्या माणसाचे पहिले काम म्हणजे मागे राहिलेल्याला तोच प्रश्न विचारणे. लग्न हेच एकटेपणाचे एकमेव औषध आहे असे चित्रपट मानतो काय? मावशी कॅथरीन याचे उत्तर देऊ शकली असती. तिचे लग्न झाले होते, मुलगा आहे, सून आहे, नातू आहे, आणि साऱ्या चित्रपटात तिच्याइतके एकटे कुणी नाही. तिच्याशी मात्र शेवटपर्यंत कुणी बोलत नाही. तिचे सामान मार्टीच्या घरी आले, तिला खोली मिळाली, आणि पटकथेच्या दृष्टीने तिचा प्रश्न सुटला. चायेफ्स्कीने मार्टी आणि क्लारा यांना जो कान दिला तो कॅथरीनला आणि अँजीला दिला नाही, आणि म्हणून दार लागल्यावर आपण कुठे उभे आहोत, आत की बाहेर, हे प्रत्येक प्रेक्षकाचे वय आणि घर पाहून ठरते.